कॉल लागतो, आवाज नाही: पाईनफोनमधल्या एका मोडेम-फाइलचं प्रकरण

फोन पाईन६४चा पाईनफोन (लिनक्सवर चालणारा मोबाइल), २०२० ची यूबीपोर्ट्स आवृत्ती, म्हणजे १.२ बोर्ड आणि २ जीबी रॅम. त्यावर पोस्टमार्केटओएस ही लिनक्स प्रणाली, तीही आतल्या ईएमएमसी साठवणीवर नाही तर मायक्रोएसडी कार्डावर. १.२ बोर्डाच्या यूएसबी-सी जोडणीत मुळातच खोट होती, डॉक लावला तरी हब चालत नसे. १.२ए बोर्डात ती दुरुस्त झाली. म्हणून मालकाने ३ जीबी रॅमचा नवा बोर्ड मागवला, जुना काढून तो बसवला, तेच कार्ड आणि तेच सिम घालून फोन चालू केला. पडदा, वायफाय, डॉक सगळं ठाकठीक. पण कॉल लावला की रिंग जाते, समोरचा माणूस उचलतो, आणि दोन्ही बाजूंना शुकशुकाट. शिवाय फोन झोपलेला असताना कॉल आला तर तो जागाही होत नाही.

कार्डावरचा एक बाइटही बदललेला नाही, बदलला तो फक्त बोर्ड. तेव्हा संशय बोर्डावर जाणं साहजिक होतं. बोर्ड मात्र निर्दोष निघाला. चूक होती बऱ्याच आधी ईटीसीमध्ये (वापरणाऱ्याच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये) लिहिलेल्या एका दोन ओळींच्या फाइलीत, आणि जुना बोर्ड इतके दिवस ती झाकून होता.

(पुढचे आदेश आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.)

मोडेम कोण चालवतो

पाईनफोनमधला क्वेक्टेल ईजी२५-जी मोडेम हा स्वतंत्र संगणकच आहे. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःचं लिनक्स, स्वतःची साठवण. ऑलविनर ए६४ या मुख्य चिपशी तो तीन मार्गांनी बोलतो: डेटासाठी यूएसबी, आदेशांसाठी एक सिरियल पोर्ट, आणि कॉलच्या आवाजासाठी वेगळ्या पीसीएम तारा. त्याखेरीज चालू-बंद करणं, झोप-जाग कळवणं यासाठी सुट्या जीपीआयओ पिना. मोडेम मुख्य बोर्डावरच झाळलेला असतो. म्हणजे बोर्ड बदलला की मोडेमही नवा आला, आणि त्याच्या पोटातल्या सेटिंग्ज कारखान्यातून निघाल्या तशाच. या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

मोडेमला वीज देणं आणि सुरुवातीचे एटी आदेश (मोडेमला समजणारे मजकुरी आदेश) पाठवणं हे काम ईजी२५-मॅनेजर नावाची सेवा करते. मोबियन या मोबाइल-लिनक्स प्रकल्पात ती तयार झाली आणि आता पाईनफोनवरच्या बहुतेक लिनक्स वितरणांत (तयार प्रणालींत) आहे. तिची यंत्रनिहाय फाइल टॉमल या साध्या मजकुरी स्वरूपात '/यूएसआर/शेअर/ईजी२५-मॅनेजर/' इथे असते आणि फाइलीचं नाव डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनातल्या) 'कम्पॅटिबल' या मजकुरावरून ठरतं. '/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/कम्पॅटिबल' वाचलं की पहिलंच नाव 'पाईन६४,पाईनफोन-१.२' असं येतं, आणि फाइल त्याच नावाची, मागे '.टॉमल'. १.०, १.१, १.२ आणि पाईनफोन प्रो यांच्या फाइली वेगळ्या, कारण मोडेमच्या सगळ्या तारा प्रत्येक बोर्डावर त्याच पिनांना जात नाहीत.

वापरणाऱ्याला काही बदलायचं असेल तर त्याच नावाची फाइल '/ईटीसी/ईजी२५-मॅनेजर/' मध्ये ठेवायची. तिच्यात जेवढी फील्ड्स असतील तेवढी तिची चालतात, उरलेली मूळ फाइलीतून घेतली जातात. सोय उत्तम आहे. 'फील्ड' म्हणजे नेमकं केवढं, तेवढं मात्र नीट समजून घ्यायला हवं.

ती दोन ओळींची फाइल

मालक जिओ आणि एअरटेल अशी दोन सिमं आलटून पालटून वापरत असे. जिओच्या जाळ्यात २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी (४जीवरून कॉल) चाललं नाही तर कॉलही नाही. व्होल्टीसाठी मोडेमला त्या त्या कंपनीची एमबीएन प्रोफाइल (जाळ्याच्या सेटिंग्जचा संच) लागते, आणि सिम बदललं की ती आपोआप निवडली जावी म्हणून एक आदेश आहे: एटी+क्यूएमबीएनसीएफजी="ऑटोसेल",१. हा आदेश दरवेळी पाठवला जावा म्हणून ईटीसीतल्या फाइलीत हे लिहिलं गेलं:

[एटी]
कॉन्फिगर = [ { सीएमडी = "क्यूएमबीएनसीएफजी", सबसीएमडी = "ऑटोसेल", व्हॅल्यू = "१" } ]

लिहिणाऱ्याचा समज असा की मूळ यादीच्या शेवटी आपली एक ओळ जोडली जाईल. पण 'कॉन्फिगर' हे एकच फील्ड आहे, ते संपूर्ण यादीचं. ईटीसीत ते सापडलं की मूळ यादी पूर्ण बाजूला पडते. एक आदेश वाढला नाही, बाकीचे सगळे गळाले. त्याच विभागातलं 'यूएआरटी' हे फील्ड फाइलीत नव्हतं, म्हणून ते मूळ फाइलीतून आलं, सेवा बिनतक्रार सुरू झाली आणि लॉगमध्ये चूक म्हणावी अशी एकही ओळ दिसली नाही.

मग त्या दिवसापासूनच आवाज का गेला नाही? कारण गळालेल्या आदेशांपैकी महत्त्वाचे आदेश मोडेम स्वतःच्या साठवणीत कायमचे लिहून ठेवतो. फोन नवा असताना मूळ यादी एकदा पूर्ण चालली होती, आणि मोडेमने ती पोटात ठेवली होती. पुढे कोणी काही पाठवलं नाही तरी जुन्या पुण्याईवर सगळं चालू राहिलं. नवा बोर्ड आला, पोट रिकामं, आणि त्याला शिकवणारी यादी ईटीसीतल्या फाइलीने अडवलेली.

निदान कसं झालं

पहिली शंका मागच्या झाकणाखालच्या बारीक स्विचांची, आणि बोर्ड बदलल्यावर ती रास्तच. सहा स्विच आहेत: पहिला मोडेमचा, दुसरा वायफाय-ब्लूटूथचा, तिसरा माइकचा, चौथा मागच्या आणि पाचवा पुढच्या कॅमेऱ्याचा, सहावा हेडफोनचा. तिसरा बंद राहिला तर आपला आवाज समोर जात नाही, पण समोरचा आपल्याला ऐकू येतो. इथे दोन्ही दिशा मुक्या होत्या. तरी तपासायला दहा सेकंद लागतात, तपासावंच.

दुसरी पायरी, लिनक्सच्या बाजूचा आवाज. रिंगटोन आणि गाणी वाजत होती, म्हणजे कोडेक आणि स्पीकर शाबूत. कॉल सुरू झाला की कॉलऑडिओडी ही सेवा साउंड कार्डाची प्रोफाइल 'व्हॉइस कॉल'वर नेते. 'कॉलऑडिओसीएलआय -एम १' देऊन ते हातानेही करता येतं, आणि 'पॅक्टल लिस्ट कार्ड्स'मध्ये चालू प्रोफाइल कोणती ते दिसतं. इथे प्रोफाइल बरोबर बदलत होती. याचा अर्थ यूसीएमच्या (साउंड कार्डाची मांडणी सांगणाऱ्या) फाइलींकडे जाण्याची गरज नाही. हे एवढ्यासाठी सांगायचं की कॉलचा आवाज गेला की लोक सगळ्यात आधी यूसीएमच्या फाइली उसवायला घेतात. मग मूळ दोष सापडेपर्यंत दुसरे दोन दोष हातून तयार झालेले असतात.

तिसरी पायरी मोडेमची. आधी मोडेममॅनेजर (कॉल-डेटासाठी मोडेम वापरणारी लिनक्सची वेगळी सेवा) बंद करायचा, नाहीतर तोच पोर्ट तोही वाचत असतो आणि उत्तरं अर्धवट मिळतात. मग पोर्टवर थेट टाइप करता यावं म्हणून 'पिकोकॉम -बी ११५२०० /डेव्ह/टीटीवाययूएसबी२'. ईजी२५-जी चार सिरियल पोर्ट दाखवतो. त्यांतला ० निदानासाठी, १ जीपीएससाठी, २ एटी आदेशांसाठी. विचारायचे प्रश्न थोडकेच:

एटी+क्यूडीएआय? याचं उत्तर १,१,०,१,०,०,१,१ असं हवं. पहिला १ म्हणजे आवाज डिजिटल पीसीएम तारांवर, दुसरा १ म्हणजे मोडेम चाकर आणि घड्याळ ए६४च्या हातात, सहाव्या जागेचा ० म्हणजे ८ किलोहर्ट्झ. इथे उत्तर वेगळं आलं. दोन्ही चिपा एकाच तारेवर बोलत होत्या, पण एकमेकींच्या तालात नव्हत्या, म्हणून दोन्ही बाजूंना शांतता.

एटी+क्यूसीएफजी="आरआयसिग्नलटाइप" याला उत्तर 'रिस्पेक्टिव्ह' आलं. हवं होतं 'फिजिकल'. कॉल आला की मोडेमने आरआय ही प्रत्यक्ष पिन हलवायची आणि तिच्यावरून झोपलेला ए६४ उठायचा, अशी ही साखळी आहे. पिनच हलली नाही तर फोन घोरतच राहणार. दुसऱ्या तक्रारीचं कारण हे.

एटी+क्यूयूआरसीसीएफजी="यूआरसीपोर्ट" (मोडेमने आपणहून द्यायच्या सूचना कुठल्या पोर्टवर जाव्यात) याचं उत्तर 'यूएसबीएटी' आलं, मूळ फाइलीला हवं असतं 'ऑल'. आणि एटी+क्यूसीएफजी="आयएमएस" मध्ये पहिला आकडा ० दिसला, म्हणजे व्होल्टी सक्तीने चालू केलेलं नाही, एमबीएन ठरवील तसं. त्या वेळी फोनमध्ये एअरटेलचं सिम होतं, त्यामुळे कॉल २जीवर उतरून का होईना लागत होता. जिओचं असतं तर लक्षण 'आवाज नाही' याऐवजी 'कॉलच लागत नाही' असंही दिसलं असतं आणि तपास वेगळ्याच वाटेला गेला असता.

चारही उत्तरं कारखान्यातली. यूएसआर-शेअरमधली फाइल उघडली तर या चारही गोष्टींच्या ओळी तिथे व्यवस्थित हजर. मग त्या जात का नाहीत? सेवा पुन्हा सुरू करून लॉग पाहिला (सेवा चालवणारी यंत्रणा ओपनआरसी असेल तर 'लॉगरीड', सिस्टिमडी असेल तर 'जर्नलसीटीएल -यू ईजी२५-मॅनेजर'), तर पाठवलेला आदेश फक्त एक: ऑटोसेलचा. त्यानंतर ईटीसीमध्ये बघायला वेळ लागला नाही.

एक धोका इथे नोंदवून ठेवण्यासारखा आहे. या टप्प्यावर कोणी 'दुसऱ्या वितरणाचं कार्ड घालून बघू' म्हणून बघितलं असतं, तर त्या कार्डावरच्या ईजी२५-मॅनेजरने मूळ यादी मोडेममध्ये लिहिली असती. परत जुनं कार्ड घातल्यावर आवाज आला असता. निष्कर्ष निघाला असता की 'आपोआप बरं झालं', आणि फाइल तशीच पुढच्या बोर्डाची वाट बघत बसली असती. ज्या सुट्या भागाला स्वतःची स्मृती आहे, त्याच्याबाबत कार्ड बदलून केलेली चाचणी पुरावा म्हणून धरू नये.

दुरुस्ती

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी ईटीसीत उतरवून तिच्यात आपली ओळ घालणं. त्याने आज काम होईल. पण मग ती पूर्ण फाइल त्या दिवसाच्या आवृत्तीवर गोठते. उद्या मूळ फाइलीत एखादा आदेश सुधारला किंवा नवा आला, तर या फोनवर तो कधीच पोचणार नाही.

इथे त्याहून साधा मार्ग होता. ऑटोसेलची निवडही मोडेम स्वतःच लक्षात ठेवतो, दर बूटला पाठवण्याची गरजच नव्हती. म्हणून ईटीसीतली फाइल सरळ काढून टाकली, आणि पिकोकॉममधून एटी+क्यूएमबीएनसीएफजी="ऑटोसेल",१ एकदा हाताने दिला. जी सेटिंग यंत्राच्या भागातच राहते तिच्यासाठी फाइल लिहू नये. ती बोर्डाशी बांधलेली आहे, कार्डाशी नाही, हे कागदावर नोंदवलं की पुरे.

फाइल काढल्यावर 'आरसी-सर्व्हिस ईजी२५-मॅनेजर रीस्टार्ट' एकदा करून भागत नाही. पहिल्या वेळी ईजी२५-मॅनेजर क्यूडीएआय लिहितो, पण तो बदल लागू होतो मोडेम पुढच्या वेळी सुरू होताना. म्हणून सेवा दोनदा फिरवायची, किंवा फोन पूर्ण बंद करून चालू करायचा. मोडेमला नीट बंद व्हायला अर्ध्या मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. घाईने बॅटरी उपसली तर साठवण अर्धवट लिहिली जाण्याची भीती. दुसऱ्या वेळेनंतर चारही प्रश्न पुन्हा विचारले, चारही उत्तरं जुळली. मग खऱ्या चाचण्या दोन: कॉल करून दोन्ही दिशांनी ऐकणं, आणि फोन झोपवून दुसऱ्या फोनवरून कॉल देणं. दुसरी चाचणी चार्जर काढूनच करावी, कारण चार्जिंगवर असताना तो झोपलाच नाही तर चाचणीला अर्थ उरत नाही.

ईटीसी जिंकते, पण किती

'यूएसआरमध्ये पॅकेजचं, ईटीसीमध्ये आपलं, आणि ईटीसी जिंकते' हा नियम सगळ्यांना पाठ असतो. गफलत होते ती पुढच्या प्रश्नावर: जिंकते म्हणजे नेमकं काय बदलतं, ओळ, फील्ड की पूर्ण फाइल? याचं उत्तर प्रत्येक साधनाचं वेगळं आहे, आणि मोबाइल लिनक्समध्ये एकाच फोनवर ही सगळी साधनं शेजारी शेजारी नांदतात.

यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून त्याला नियम लावणारं साधन) याच्या नियमांत एकक आहे पूर्ण फाइल. '/यूएसआर/लिब/यूडेव्ह/रूल्स.डी' मधल्या फाइलीच्याच नावाची फाइल ईटीसीत ठेवली की मूळ फाइल वाचलीच जात नाही. एकच नियम वाढवायचा असेल तर नाव वेगळं द्यायचं. त्याच यूडेव्हचा एचडब्ल्यूडीबी हा हार्डवेअर-माहितीसाठा मात्र गुणधर्मागणिक जुळवणी करतो, आणि एकाच गुणधर्माला दोन किमती असतील तर नंतरच्या फाइलीतली राहते. पडदा आडवा फिरतो तेव्हा ज्याला हात लागतो तो अ‍ॅक्सेल_माउंट_मॅट्रिक्स यातलाच. तो यूडेव्हमध्ये दिला की आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी ही सेन्सर वाचणारी सेवा डिव्हाइस ट्रीतून आलेली मॅट्रिक्स बघतच नाही. कर्नलमध्ये नंतर दुरुस्ती आली तरी आपली जुनी ठिगळंच लागू राहतात. फाइल बदलल्यावर 'सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट' आणि यूडेव्हॅडम ट्रिगर दिल्याशिवाय काही होत नाही, हे वेगळं.

पोस्टमार्केटओएसची डिव्हाइसइन्फो (फोनची माहिती ठेवणारी) फाइल ही साधी शेल फाइल आहे. आधी यूएसआर-शेअरमधली वाचली जाते, मग ईटीसीतली असल्यास ती. त्यामुळे एकेक चल सुटा बदलता येतो, आणि तिथे पूर्ण फाइल नकलून ठेवणं निव्वळ अडगळ. बूट इमेजशी संबंधित चल बदलला तर बूट इमेज नव्याने बनवणारं 'एमकेइनिटएफएस' चालवावं लागतं. ते विसरलं की बदल फाइलीत दिसतो, फोनमध्ये नाही. सिस्टिमडीच्या ड्रॉप-इनमध्ये (सेवेच्या मूळ फाइलीला जोडलेल्या तुकड्यात) तर दोन्ही प्रकार एकत्र आहेत. बहुतेक सेटिंग्जची किंमत बदलते, पण एक्झेकस्टार्ट (सेवा सुरू करणारा आदेश) यादीत जोडलं जातं, म्हणून आधी रिकामं 'एक्झेकस्टार्ट=' लिहून मग नवं लिहायचं. ईजी२५-मॅनेजरच्या यादीचं वागणं नेमकं याच्या उलट आहे, आणि सिस्टिमडीची सवय असलेला माणूस तिथे फसतो तो म्हणूनच.

अद्ययावत करताना

ए-पी-के हे अल्पाइन लिनक्सचं पॅकेज साधन, पोस्टमार्केटओएसचंही. पॅकेजने ईटीसीत ठेवलेली फाइल आपण बदलली असेल तर अपग्रेडच्या वेळी ए-पी-के तिला हात लावत नाही, नवी प्रत शेजारी '.एपीके-न्यू' या शेपटीने ठेवतं. 'अपडेट-कॉन्फ' चालवून दोन्हींतला फरक बघता येतो. पण या प्रकरणातल्या फाइलीला हे संरक्षण नव्हतं. मूळ फाइल यूएसआर-शेअरमध्ये, तिथे अपग्रेड बिनबोभाट लिहून टाकतं. ईटीसीतली फाइल कुठल्याच पॅकेजची नाही, म्हणून तिची दखलही नाही. अशा बेवारस फाइली शोधायला 'एपीके ऑडिट' चालवायचं. त्यात 'ए' म्हणजे भर घातलेली, 'यू' म्हणजे बदललेली. शंका आली तर 'एपीके इन्फो --हू-ओन्स' आणि फाइलीचा पत्ता. कोणी यूएसआरमध्येच खाडाखोड केली असेल तर 'एपीके ऑडिट --सिस्टिम' ती दाखवतं.

ईटीसीत यादी ठेवणं खरोखरच भाग असेल, तर जिच्यावरून ती घेतली त्या मूळ फाइलीचा शा२५६ आकडा (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) सोबत जपून ठेवावा. दर अपग्रेडनंतर 'शा२५६सम -सी' दिलं आणि उत्तर 'फेल्ड' आलं, तर मूळ फाइल बदलली आहे, दोन्हींचा डिफ काढून आपली यादी नव्याने जुळवायची वेळ झाली. पाच मिनिटांचं काम आहे.

फाइलीच्या नावातली बोर्डाची आवृत्तीही विसरू नये. इथे १.२ वरून १.२ए झालं, डिव्हाइस ट्री तीच, म्हणून जुनी फाइल नव्या बोर्डाला लागू पडली आणि घोटाळा झाला. जुना बोर्ड 'ब्रेव्हहार्ट' या आधीच्या आवृत्तीचा १.१ असता तर उलट घडलं असतं. यू-बूट (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) बोर्डाची आवृत्ती ओळखून दुसरी डिव्हाइस ट्री देतो, कम्पॅटिबल नाव बदलतं, आणि ईटीसीतली 'पाईनफोन-१.१' फाइल कोणी उघडतही नाही. तेव्हा आवाज आला असता, पण आपण मुद्दाम केलेले बदल गायब झाले असते. म्हणून बोर्ड बदलला की सिम घालण्याआधी '/प्रॉक/डिव्हाइस-ट्री/कम्पॅटिबल' वाचायचं आणि ईटीसीतल्या फाइलींची नावं त्याच्याशी पडताळायची.

असे दोन-चार फोन सांभाळायचे असतील तर सुट्या फाइली ठेवण्यापेक्षा छोटं नोआर्क (कुठल्याही प्रोसेसरवर चालणारं) पॅकेज बरं. एपीकेबिल्डमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) ती एक टॉमल फाइल घालायची, पोस्टमार्केटओएसच्या बांधणी-साधनाने 'पीएमबूटस्ट्रॅप चेकसम', मग 'पीएमबूटस्ट्रॅप बिल्ड', आणि 'पीएमबूटस्ट्रॅप साइडलोड'ने फोनवर. फाइलीला मालक पॅकेज मिळतं, आणि फोनवर कोणी हाताने बदल केला तर पुढच्या वेळी '.एपीके-न्यू' दिसून तो उघडा पडतो. फक्त फाइल बदलताना पॅकेजरेल (पॅकेजच्या आवृत्तीचा शेवटचा आकडा) एकने वाढवायला चुकू नये. आवृत्ती तीच राहिली तर अपग्रेडला ए-पी-के नवं पॅकेज घेतच नाही, आणि माणूस पुन्हा एटी+क्यूडीएआय? विचारत बसतो.